लीजची मुदत संपतेय: गाडी ठेवायची की सोडायची?

हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा बीकेसीतल्या कंपन्यांत काम करणाऱ्या कितीतरी घरांतली गाडी कागदोपत्री त्या घराची नसते. रंग घरच्यांनीच निवडलेला असतो, शोरूमच्या दारात नारळही त्यांनीच फोडलेला असतो, गणपतीत कोकणात आणि मे महिन्यात महाबळेश्वरला तीच गाडी जाते. पण ती असते लीजवर. नोकरी देणारी कंपनी, गाडी भाड्याने देणारी लीज कंपनी आणि कर्मचारी अशा तिघांची ही व्यवस्था. करार तीन, चार किंवा पाच वर्षांचा. महिन्याचं भाडं कर लागण्याआधीच्या पगारातून कापलं जातं, विमा आणि सर्व्हिसिंगचा खर्चही बऱ्याचदा त्याच भाड्यात बसवलेला असतो.

मग एक दिवस एचआरची मेल येते. करार अमुक तारखेला संपतो आहे, निर्णय कळवावा. पर्याय साधारण चार: ठरलेल्या किमतीला गाडी विकत घ्यायची, परत करायची, काही महिन्यांची मुदतवाढ मागायची, किंवा ही सोडून नव्या गाडीचं लीज सुरू करायचं. निर्णयाला मिळतो जेमतेम एखादा महिना, आणि तोही ऑफिसच्या कामात आणि मुलांच्या परीक्षांत निघून जातो. शेवटी घरात एकच वाक्य वजनदार ठरतं: ‘चार वर्षं हप्ते भरलेत, आता गाडी कशाला सोडायची?’

हे वाक्य बाजूला ठेवल्याशिवाय हिशोब सुरूच होत नाही. लीजचं भाडं हा गाडीच्या किमतीचा हप्ता नसतो. ते गाडी वापरल्याचे पैसे आहेत आणि गाडी वापरून झालेली आहे. आता बघायचं ते एवढंच: ही गाडी आज घरात आणायला एकूण किती पैसे मोजावे लागतील, तेवढ्याच पैशांत बाजारात काय मिळतं, आणि पुढच्या चार वर्षांत या कुटुंबाला कोणती गाडी लागणार आहे.

कागद आधी काढावेत, आणि त्यातही पहिला आरसी. आरसीवर मालक म्हणून कोणाचं नाव आहे, यावर पुढची निम्मी धावपळ ठरते. काही लीजमध्ये नोंदणी कर्मचाऱ्याच्याच नावाने होते आणि लीज कंपनीची फक्त नोंद, म्हणजे एन्डोर्समेंट, आरसीवर असते. मोटार वाहन कायद्यात याला आधार आहे: कलम २(३०)प्रमाणे लीज कराराखाली गाडी ज्याच्या ताब्यात असते तोच त्या गाडीचा ‘मालक’ समजला जातो, आणि कलम ५१मध्ये अशी नोंद करण्याची व काढण्याची पद्धत दिली आहे. अशा घराने गाडी घ्यायचं ठरवलं, तर मुख्य काम लीज कंपनीकडून सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत घेऊन आरटीओत ती नोंद उतरवण्याचं. मालक बदलत नाही, त्यामुळे आरसीवरचा मालकाचा क्रमांक पहिलाच राहतो. पुढे गाडी विकताना ‘फर्स्ट ओनर’ या दोन शब्दांना बाजारात रोख किंमत असते.

आरसी लीज कंपनीच्या किंवा नोकरी देणाऱ्या कंपनीच्या नावाने असेल तर गोष्ट वेगळी. मग रीतसर हस्तांतर करावं लागतं. फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी, दोन्ही बाजूंचे केवायसी, विकणाऱ्या कंपनीचं अधिकारपत्र. गाडी पहिल्या दिवसापासून घरात असली तरी आरसीवर कुटुंब ‘सेकंड ओनर’ ठरतं. महाराष्ट्रात आणखी एक मुद्दा आहे. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के रोड टॅक्स लागतो, तर कंपनीच्या नावावर नोंदलेल्या गाडीला सरळ २० टक्के. ही जास्तीची रक्कम त्या वेळी भाड्यात मिसळून कुटुंबाने भरलेली असते. गाडी नावावर करून घेताना ती परत मिळत नाही, आणि हिशोबात ती धरायचीही नाही. पुढचं लीज घेताना मात्र नोंदणी कोणाच्या नावाने होणार, हा प्रश्न सही करण्याआधी विचारायचा.

दुसरा कागद म्हणजे लीजचा करार आणि त्याचं परिशिष्ट. त्यात ‘रेसिड्युअल व्हॅल्यू’ हा आकडा शोधावा. करार संपताना गाडीची म्हणून जी किंमत आधीच ठरवलेली असते, ती ही. काही करारांत ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. तिथे कर्मचाऱ्याने शेवटी गाडी घ्यावी असंच अपेक्षित असतं आणि भाडंही त्या हिशोबाने चढं असतं. दुसऱ्या प्रकारात ती बरीच वर असते, भाडं कमी असतं आणि गाडी परत देणं हाच सरळ रस्ता असतो. काही करारांत आकडाच नसतो, ‘त्या वेळच्या बाजारभावाने’ एवढंच लिहिलेलं असतं. अशा वेळी लीज कंपनीने सांगितलेला भाव हा बोलणीचा आरंभ समजावा, शेवट नव्हे.

आकडा मिळाला की लगेच दुसरा प्रश्न: यात जीएसटी धरला आहे का? मेलमध्ये लिहिलेली रक्कम आणि हातात आलेलं बिल यांत फरक पडतो तो बहुतेक याच जागी. जुन्या गाड्यांच्या विक्रीवर जानेवारी २०२५पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी छोट्या गाड्यांना आणि इलेक्ट्रिक गाड्यांना तो १२ टक्के होता. नोंदणीकृत विक्रेत्याला हा कर फक्त फरकावर, म्हणजे विक्रीची किंमत वजा घसारा धरून उरलेली किंमत एवढ्यावर भरता येतो. पण त्याला अट आहे. गाडी घेताना भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट विक्रेत्याने घेतलं असेल, तर फरकाची सवलत मिळत नाही आणि पूर्ण किमतीवर कर लागतो. लीज कंपन्यांचा धंदाच गाड्या भाड्याने देण्याचा असल्यामुळे त्यांना हे क्रेडिट घेता येतं. म्हणून ‘सगळे कर धरून अंतिम रक्कम किती’ असं लेखी विचारावं आणि उत्तर मेलवरच घ्यावं.

आयकराचा कोपरा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कंपनीने स्वतःच्या मालकीची वस्तू कर्मचाऱ्याला कमी भावात दिली, तर मधला फरक पगाराचाच भाग मानून त्यावर कर लावला जातो. १९६२च्या आयकर नियमांत मोटारीसाठी याचं सूत्र दिलेलं होतं: मूळ किमतीतून दर पूर्ण वर्षाला उरलेल्या रकमेच्या २० टक्के घट धरायची. १२ लाखांची गाडी पहिल्या वर्षानंतर ९ लाख ६० हजार, मग ७ लाख ६८ हजार, मग ६ लाख १४ हजार ४०० आणि चौथ्या वर्षाअखेर ४ लाख ९१ हजार ५२०. ही गाडी कर्मचाऱ्याला ३ लाखांत मिळाली, तर १ लाख ९१ हजार ५२० रुपयांचा लाभ झाला असं धरलं जाऊ शकतं. गाडी लीज कंपनीच्या मालकीची असेल आणि विक्री तिच्याकडून थेट कर्मचाऱ्याला होत असेल, तर हा नियम लागतो का, यावर वेगवेगळ्या कंपन्यांचे पेरोल विभाग वेगवेगळी भूमिका घेतात. शिवाय १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू आहे. त्यामुळे आपल्या पेरोलकडून ‘या व्यवहारावर माझ्या पगारात काही लाभ धरला जाणार का’ हे आधीच लेखी घ्यावं. मार्च महिन्यात अचानक मोठा टीडीएस कापला जाण्यापेक्षा हे बरं.

आता बाजारभाव. गाडी परत करायची मनाशी ठरवलं असलं, तरी तीन ठिकाणचे भाव काढावेतच. स्पिनी किंवा कार्स२४सारखी ऑनलाइन कंपनी, ट्रू व्हॅल्यूसारखी उत्पादकाची स्वतःची जुन्या गाड्यांची साखळी आणि गावातला विश्वासाचा डीलर, असे तीन पुरतात. मोबाइलवर दिसणारा भाव आणि तपासणीनंतर हातात पडणारा भाव यांत अंतर असतं, म्हणून गाडी प्रत्यक्ष दाखवूनच आकडा घ्यावा. विमा पॉलिसीतली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, हीही एक अंदाज देते. मोटार विम्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीसाठी ४० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी ५० टक्के घट धरण्याची पद्धत आहे. पण आयडीव्ही म्हणजे गिऱ्हाईक देईल ती किंमत नव्हे. मागणी असलेल्या मॉडेलला जास्त पैसे मिळतात, बंद पडलेल्या मॉडेलला कमी.

अलीकडे या हिशोबात एक मोठा बदल झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर सेससकट २९ ते ३१ टक्के कर होता, तो १८ टक्क्यांवर आला. मोठ्या गाड्यांवरचा सेस जाऊन दर ४० टक्के झाला. टाटा नेक्सॉनसारख्या लोकप्रिय गाडीची किंमत व्हेरियंटनुसार १ लाख ५५ हजारांपर्यंत खाली आली. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप दबतो. २०२१ किंवा २०२२मध्ये ज्यांनी लीज केलं, त्यांच्या करारातली रेसिड्युअल व्हॅल्यू मात्र जुन्या, चढ्या किमतींवर बेतलेली आहे आणि ती कागदावर तशीच आहे. तीन वर्षांपूर्वी एखाद्या सहकाऱ्याने लीजची गाडी घेऊन चांगला फायदा कमावला असेल, तर तो अनुभव आज जसाच्या तसा लागू होत नाही. तेव्हा चिपटंचाईमुळे नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने थांबावं लागायचं आणि जुन्यांचे भाव चढलेले होते.

एक हिशोब पूर्ण मांडून बघू. समजा पुण्यातल्या एका कुटुंबाची चार मीटरच्या आतली, १२०० सीसीच्या आतल्या इंजिनाची पेट्रोल एसयूव्ही आहे. चार वर्षांपूर्वीची किंमत १२ लाख, आजवर ४२ हजार किलोमीटर, एकही मोठा अपघात नाही. करारात रेसिड्युअल व्हॅल्यू ३ लाख. पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी लागला तर ५४ हजार. पेरोलने वर सांगितलेला लाभ पगारात धरला आणि कर्मचारी ३० टक्क्यांच्या टप्प्यात असला, तर सेससकट ३१.२ टक्क्यांनी सुमारे ६० हजार कर. आरटीओ, एजंट आणि नवा विमा मिळून ३० हजार धरू. एकूण ४ लाख ४४ हजार. तीन ठिकाणांहून आलेले भाव ५ लाख ५० हजार ते ५ लाख ८० हजारांच्या घरात असतील, तर गाडी घेणं नक्कीच फायद्याचं. मेलमध्ये ‘३ लाख’ वाचून झालेला आनंद दीड लाखाने कमी होतो खरा, तरी लाखभर रुपये हातात उरतात. शिवाय चार वर्षं कोणी चालवली, सर्व्हिसिंग कुठे झालं, पावसात पाण्यात उभी होती का, हे सगळं माहीत असलेली गाडी मिळते. जुनी गाडी घेणाऱ्याला नेमकी हीच माहिती कधी पूर्ण मिळत नाही, आणि तिची किंमत आकड्यात मांडता येत नसली तरी ती खरी आहे.

उलट उदाहरण इलेक्ट्रिक गाडीचं. समजा २०२२मध्ये १५ लाखांची गाडी लीजवर घेतली आणि करारात ६ लाख ५० हजार रेसिड्युअल धरली. त्यानंतर कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव स्वतःहून उतरवले. टाटाने फेब्रुवारी २०२४मध्ये नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत कमी केली. जास्त पल्ल्याची नवी मॉडेल आली. आज त्या जुन्या गाडीला डीलर ५ लाख ५० हजार देत असेल, तर ६ लाख ५० हजार अधिक कर मोजून ती घेण्यात काहीच अर्थ नाही, मग ती घरात कितीही लाडकी असो. किंमत पडण्याची जोखीम लीज कंपनीने घेतली होती, तिचं भाडं कुटुंबाने चार वर्षं दिलं. ती जोखीम शेवटच्या दिवशी पुन्हा आपल्या अंगावर का घ्यावी? तरीही गाडी हवीच असेल तर भाव कमी करून मागावा. लीज कंपनीलाही ती बाजारातच विकायची असते.

इलेक्ट्रिक गाडी घेण्याचा विचार असेल तर बॅटरीची वॉरंटी वाचावी. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही बऱ्याच गाड्यांची मुदत आहे, पण मालक बदलल्यावर वॉरंटी किती उरते आणि त्यासाठी सर्व्हिस सेंटरला कळवावं लागतं का, हे मॉडेलनुसार बदलतं. बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट अधिकृत सेंटरमधून काढून घ्यावा. सोसायटीच्या पार्किंगमधला चार्जर कोणाचा, लीजमधला की स्वतः बसवलेला, तेही याच वेळी स्पष्ट व्हायला हवं.

पैशाचा हिशोब एका बाजूला आणि घराची गरज दुसऱ्या बाजूला. लीज घेतलं तेव्हा पाळण्यात असलेलं बाळ आता मागच्या सीटवर शाळेचं दप्तर घेऊन बसतं. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं आणि उंच गाडीत चढणं त्यांना जड जातं. सुरक्षिततेचाही भाग आहे. समोरच्या दोन एअरबॅग सगळ्या मॉडेलना ३१ डिसेंबर २०२१पासून सक्तीच्या झाल्या. सहा एअरबॅग साध्या व्हेरियंटमध्येही देण्याची लाट त्यानंतरची. क्रॅश टेस्टसाठी आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झाली. मुलांना घेऊन दर महिन्याला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या घरासाठी दोन एअरबॅगची चार वर्षं जुनी गाडी ‘स्वस्तात मिळतेय’ म्हणून आणखी पाच वर्षं ठेवणं हा चांगला सौदा वाटत नाही. तीच गाडी शहरातल्या शहरात, भाजी आणि शाळेच्या फेऱ्यांना ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी.

पेट्रोलचंही बघावं. २० टक्के इथेनॉलला चालणारे सुटे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३पासून येऊ लागल्या. त्याआधीची गाडी ठेवायची तर मॅन्युअलमध्ये इंधनाबद्दल काय लिहिलं आहे ते वाचून, रबरी नळ्या आणि गॅस्केटबद्दल सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावं.

बदलीची शक्यता असेल तर आधीच सावध व्हावं. एमएच बारा पासिंगची गाडी बंगळूरला बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते, त्याआधी इथल्या आरटीओची ना-हरकत लागते, तिथला रोड टॅक्स भरावा लागतो आणि इथला उरलेला टॅक्स परत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. वर्षभरात बदली होणार हे माहीत असेल, तर गाडी नावावर करून घेण्याआधी हा खर्च जोडून बघावा.

आणि गाडीच नको, हाही पर्याय आहे. मुंबईत आरे ते कफ परेड ही मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५मध्ये पूर्ण सुरू झाली. दुसरी गाडी ज्या ऑफिससाठी घेतली होती ते ऑफिस आता मेट्रोच्या रस्त्यावर आलं असेल, तर लीज संपण्याचा महिना हा ती सोडायचा सगळ्यात सोपा महिना. विकण्याची दगदगही नाही.

मुदतवाढ उपयोगी पडते ती ठरावीक कारणासाठीच. नवी गाडी बुक केली आहे आणि ती दसऱ्याला किंवा पाडव्याला मिळणार आहे, किंवा डिसेंबरऐवजी जानेवारीत घेऊन नव्या वर्षाचं उत्पादन हवं आहे, अशा वेळी दोन-तीन महिने ओढता येतात. मात्र मुदतवाढीचं पत्र हातात असावं आणि त्यात भाडं, विमा आणि सर्व्हिसिंग कोणाकडे हे लिहिलेलं असावं. मूळ करारासोबत विमा आणि वाढीव वॉरंटी दोन्ही बऱ्याचदा त्याच महिन्यात संपत असतात, आणि ‘फक्त दोन महिने’ म्हणून विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढण्याचा धोका कोणत्याही कुटुंबाने घेऊ नये.

परत करायचं ठरलं, की तयारी निदान दोन महिने आधी सुरू करावी. करारात ‘सर्वसाधारण झीज’ म्हणजे काय आणि नुकसान म्हणजे काय, याची व्याख्या असते. किलोमीटरची मर्यादा असेल तर जादा किलोमीटरचा दरही असतो. एका रविवारी सकाळी गाडी धुऊन उन्हात उभी करावी आणि घरातल्या दोघांनी मिळून ती परक्याच्या नजरेने बघावी. पार्किंगच्या खांबाला घासून डाव्या मागच्या दारावर उठलेला ओरखडा, काचेवर खडी उडून पडलेला बारीक तडा, सीटवर सांडलेल्या ताकाचा डाग, मागच्या बंपरचा सुटलेला क्लिप. टायरच्या खाचांमध्ये तळाशी छोट्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्ट्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर कायद्यानेही बाद. तपासनीस पहिल्यांदा तिथेच वाकून बघतो. चार टायर बाद निघाले तर त्यांचे पैसे लीज कंपनी आपल्या दराने लावते. बाहेर त्याच मापाचे टायर घालून देणं परवडतं का, ते विचारून बघावं.

अंगावरच्या ठोक्यांसाठी विम्याचा रस्ता बरेच जण वापरतच नाहीत. क्लेम केला तर नो क्लेम बोनस जातो, ही भीती असते. पण पॉलिसी लीज कंपनीच्या नावाने असेल तर तो बोनस गाडी परत करणाऱ्या कुटुंबाला मुळातच मिळणार नसतो. सक्तीचा स्वतःचा वाटा १५०० सीसीपर्यंत एक हजार आणि त्यापुढे दोन हजार रुपये आहे; झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं संरक्षण, असेल तर दुरुस्ती बरीचशी त्यातच भागते. लीज कंपनीला विचारून, प्रत्येक घटनेचा वेगळा आणि खरा क्लेम वेळेत करावा. सहा महिन्यांपूर्वीचा ठोका कालचा म्हणून दाखवणं ही फसवणूक आहे, आणि सर्व्हेअरला गंज बघून ते कळतंही. पॉलिसी स्वतःच्या नावाने असेल तर हिशोब उलटा. ५० टक्क्यांपर्यंत चढलेला बोनस जपावा, आणि गाडी सोडताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावावा.

कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्याला वारंवार जाणाऱ्या गाडीचं खालचं अंग रॅम्पवर चढवून बघावं. खाऱ्या हवेने धरलेला गंज वरून दिसत नाही. गाडी विकत घेणाऱ्यानेही हे करावं, कारण आतापर्यंतचा दुरुस्तीचा खर्च लीज कंपनीचा होता, यापुढचा त्याचा स्वतःचा.

काही कुटुंबं गाडी घेऊन लगेच विकण्याचा विचार करतात. करारातली किंमत बाजारापेक्षा खूपच कमी असेल तर तो जमतो, पण मालकी आधी स्वतःच्या नावावर आणि मग गिऱ्हाइकाच्या नावावर असा दुहेरी प्रवास, दुहेरी खर्च आणि मालकांच्या यादीत वाढलेला एक आकडा, हे सगळं वजा करून उरणारा फायदा बघावा. पैसे जुन्या गाडीच्या कर्जातून उभे करायचे असतील तर व्याजदर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा जास्त असतो हेही धरावं.

गाडी नावावर करून घेतली की विम्याकडे लगेच बघावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७प्रमाणे थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असं आपोआप येत नाही. ते नावावर झालं नसताना गाडी ठोकली तर क्लेम अडकतो.

परत देण्याच्या दिवशी दोन्ही किल्ल्या, आरसी, पीयूसी, जॅक, स्टेपनी आणि इलेक्ट्रिक असेल तर चार्जिंगची केबल, एवढं मोजून द्यावं. स्क्रीनमध्ये साठलेले फोन नंबर आणि घराचा पत्ता फॅक्टरी रीसेट करून पुसावेत आणि गाडीशी जोडलेलं कंपनीचं मोबाइल ॲप आपल्या खात्यातून काढावं. नाहीतर गाडी कुठे उभी आहे हे जुन्या कुटुंबाला आणि कुटुंबाचे पत्ते नव्या मालकाला दिसत राहतात. ई-चलान आधीच भरून टाकावीत, ती थकलेली असली की हस्तांतर अडतं. फास्टॅग आपल्या वॉलेटशी जोडलेला असेल तर बंद करून शिल्लक मागून घ्यावी. फास्टॅगचा २०० फेऱ्यांचा वार्षिक पास काढला असेल तर तो त्याच गाडीला बांधलेला असतो, दुसऱ्या गाडीवर चढत नाही. म्हणून लीजच्या शेवटच्या काही महिन्यांत तो पुन्हा काढण्याआधी फेऱ्यांचा अंदाज घ्यावा.

आरसी कर्मचाऱ्याच्या नावाने असेल आणि गाडी परत द्यायची असेल, तर सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायची. गाडी गेली, पावती मिळाली, पण आरटीओच्या नोंदीत मालक जुनाच राहिला, असं होऊ शकतं. २०१८मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, गाडी त्याने आधीच विकली असली तरी. त्यामुळे फॉर्म २९ आणि ३० नीट भरून, तारीख घालूनच सही करावी. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नये. ताबा दिल्याची पावती घ्यावी आणि तिच्यावर तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा असावा. गाडी अधिकृत जुन्या गाड्यांच्या डीलरकडे जात असेल तर त्याने फॉर्म २९सी भरून आरटीओला ताब्याची सूचना दिली का, ते विचारावं. कलम ५०प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात गाडी गेली तर पंचेचाळीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. महिनाभराने परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर घालून मालकाचं नाव बदललं का, हे स्वतः बघावं. बदललं नसेल तर लीज कंपनीला मेल करावी, त्या मेलची प्रत एचआरला द्यावी, आणि नाव बदलेपर्यंत ताब्याची पावती जपून ठेवावी.